लोंबकळण्याची नोकरी

लंबक आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता, पण गेली बावीस वर्षं तो रोज आठ तास जमिनीपासून कमरेइतका वर असायचा. नोकरीच तशी होती. कारखान्यात हँग ग्लायडर बनत, आणि ज्यांना वाऱ्याची वाट बघत बसण्याचा धीर नसतो अशा गिऱ्हाइकांना मालक मागे इंजिन आणि पंखा जोडून देत. उडणारा माणूस कापडी पंखांखाली पट्ट्यांच्या झोळीत पालथा लटकतो, आणि इंजिन त्याच झोळीला, पायांच्या बाजूला बसतं. ते बसवताना झोळीत हाडामांसाचा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे लंबक. खरं नाव घरच्यांनासुद्धा आठवून सांगावं लागे.

मालकांनी त्याला निवडलं ते काही कर्तबगारी बघून नव्हे. उंची मध्यम, वजन मध्यम, बुद्धीही बेताचीच. "असा माणूस शोधून सापडत नाही," मालक म्हणाले होते, आणि लंबकाने ते वाक्य जन्मभर प्रशस्तिपत्रकासारखं जपलं. जेवताना कधी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. "माझ्या पोटावर लोकांचे जीव आहेत," असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे मान डोलवून स्वतः भात वाढून घ्यायचे.

छताच्या हुकाला झोळी आणि समोरच्या भिंतीवर खडूची उभी रेघ, एवढाच कारभार. इंजिन सुरू झालं की लंबक पुढे ढकलला जाई, मिस्त्री इंजिनाचा रोख त्या रेघेवर धरी आणि बोल्ट आवळी. मधल्या वेळात लंबक तसाच लटकून पेपर वाचत असे. खाली उतरून परत चढायचा त्याला कंटाळा.

आणि कारखान्याचं नाव होतं ते सरळ जाण्याबद्दल. इतरांची यंत्रं जोर दिला की डावीकडे ओढत. पंखा एका बाजूला फिरतो, म्हणून बाकी सगळं दुसरीकडे वळू बघतं. त्याला कोणाचा इलाज नाही. लंबकाच्या अंगावर बसवलेली यंत्रं मात्र पूर्ण जोरातही सुतासारखी सरळ. का, ते कोणी विचारलं नाही. सुरळीत चाललेल्या गोष्टीचं कारण विचारणारा माणूस कुठल्याच कारखान्यात फार दिवस टिकत नाही.

लंबकाची बायको त्याच खोलीत पंखांचं कापड शिवायची. तिच्या नोकरीला वीस वर्षं झाली तेव्हा मालकांनी विचारलं, "काकू, भिंतीवरचं घड्याळ हवं की उडायला शिकायचंय?" सगळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. काकू म्हणाली, "शिकते."

घरी गेल्यावर लंबक हसला. "अगं, आपल्या घरात उडण्याचं खातं माझ्याकडे आहे."

"तुम्ही उडत नाही," ती म्हणाली. "तुम्ही लोंबकळता."

खरं तर त्यात खोटं काय होतं? पण खरं बोललेलंच झोंबतं. लंबक त्या दिवसापासून तिच्याशी बोलेना. घरात मीठ हवं असलं तर तो मिठाच्या बरणीला सांगे. कारखान्यात हुकावर चढला की तोंड उजव्या भिंतीकडे, आणि त्या भिंतीवर बघण्यासारखं काय, तर आग विझवायच्या वाळूची एक बादली. काकू मात्र दर रविवारी टेकडीवर जाऊन रीतसर शिकत राहिली.

दोन महिन्यांत तक्रारी आल्या. एक डॉक्टर नदीपलीकडे जायला निघाले आणि चौदा घिरट्या घालून आपल्याच दवाखान्यामागे उतरले. दुसऱ्या गिऱ्हाइकाने कळवलं, की इंजिन बंद असताना यंत्र गरीब गाय असतं, पण जोर दिला की जे डावीकडे वळतं ते वळतच राहतं. मिस्त्रीने पंखा बदलला, दांडी तपासली, खडूची रेघसुद्धा पुसून नव्याने काढली. काही उपयोग नाही. शेवटी तो लंबकाच्या खाली जमिनीवर उताणा पडून वर बघत राहिला, आणि बऱ्याच वेळाने उठून जुनी यंत्रं मोजायला गेला.

"मालक," तो परत येऊन म्हणाला, "काका वीस वर्षं दोन अंश डावीकडे वळून लटकत होते. रोख रेघेवर, अंग वाकडं. म्हणून सरळ झोपणाऱ्या गिऱ्हाइकाला इंजिन जरा उजवीकडे ढकलायचं, पंखा डावीकडे ओढायचा, फिट्टंफाट. आता काका उजवीकडे वळलेत, तर दोन्ही जोर एकाच बाजूला."

"पण डावीकडे का वळायचे?"

"डावीकडे काकूंचं शिवणाचं मशीन आहे."

 मालकांनी वाळूचं पोतं लटकवून पाहिलं. ते सरळ लटकलं आणि यंत्र डावीकडे गेलं. कोनमापकाने दोन अंश दिले, तर पूर्ण जोरात ठीक आणि अर्ध्या जोरात उजवीकडे. लंबकाचं अंग मधलं काहीतरी गाठायचं, ते कागदावर उतरेना. आणि पुढचं यंत्र काकूचं होतं. रविवारी ती इंजिन लावून पहिल्यांदा एकटी उडणार होती.

मिस्त्रीने लंबकाला सगळं समजावलं.  भांडण आपल्या जागी, पण बायको चौदा घिरट्या घालणार म्हणजे काय!

शनिवारी तो हुकावर चढला आणि निकराने डावीकडे वळला. "काका, नुसती मान वळतेय," मिस्त्री खालून म्हणाला. "कंबर वळवा."

"वळवतोय की!"

"नाही वळत."

लंबकाला घाम फुटला. काकू खाली मान घालून आपल्याच पंखाची शेवटची शिवण घालत होती. मिस्त्रीने इंजिन सुरू केलं आणि खोली दणाणली. तेव्हा लंबकाच्या तोंडून ते निघालं. कधीपासून पोटात ठेवलेलं, भांडणापेक्षाही जुनं.

"वर कसं असतं गं?"

तिने मशीन थांबवलं, काहीतरी बोलली. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"बोलायला कोणी नसतं!" ती ओरडली. "अहो, एवढं सगळं दिसतं आणि सांगायला शेजारी कोणी नसतं!"

लंबक खांद्यापासून टाचेपर्यंत सगळा तिच्याकडे वळला. मिस्त्रीने बोल्ट आवळला, इंजिन बंद केलं, "झालं काका" म्हणाला, तरी तो तसाच वळलेला होता.

रविवारी काकू टेकडीवरून गेली, नदी ओलांडून परत आली, गुडघ्यावर उतरली आणि हसत उठली. मिस्त्री धावत गेला. "सरळ गेलं?"

"जोर दिला की जरा उजवीकडे ओढतं."

"काका जास्तच वळले," मिस्त्री म्हणाला आणि त्याने पाना काढला.

लंबक कानकोंडा झाला. "उद्या मी परत चढतो. नीट बसवू."

"नको," काकू म्हणाली. "ओढतंय तेवढं ओढू दे. त्या बोल्टला कोणी हात लावायचा नाही."