तेलाच्या डब्याला मी एकटी

तिघींनी ग्रुपवर हो म्हणायचं आणि दुकानात रिकामे कॅन घेऊन मी एकटीनं उभं राहायचं, ही कुठली रीत? पंधरा किलोचा डबा आपण चौघी वाटून घेतो, म्हणून तर तेल परवडतं.

आज दोघींचे फोन बंद. तिसरी म्हणते, "ताई, मॉलमध्ये ऑफर लागलीय."

दुकानदार म्हणाला, "काकू, डबा फोडून देत नाय." मग महागाची अर्धा किलोची पिशवी आणली. जेवताना सासू म्हणाली, "फोडणी दिली का नुसती दाखवली?"

ह्यांची कंपनी बंद झाल्यापासून माझ्या धुण्याभांड्यावर सहा तोंडं जेवतात. असं पिशवी-पिशवीनं तेल मला झेपत नाय.

दुकानदार शुक्रवारपर्यंतच डबा जुन्या भावानं ठेवणार हाय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत येणार का नाय ते लिहा. नुसता अंगठा टाकू नका.