पोळ्याच्या टेपातली माही झडती

पयलेच सांगून ठेवतो — भानामती, अंगात येनं, उतारा, लिंबू-मिरची... असल्या गोष्टीवर माहा कधीच इस्वास नव्हता. आजबी नाई. आमच्या गावात कोनाची म्हैस आटली तरी लोकं भानामती म्हनत. मी म्हनो, म्हशीले सरकीची ढेप घाला, भानामती आपोआप पळते. अशी मी. शाळेत दुसरीपर्यंत गेली, मंग शेन-गोठ्यात आली. मी बोलून राह्यली अन् माही नात लिहून राह्यली. तिले म्हनलं, लिह्य, पन जसं झालं तसंच लिह्य... वरून फोडनी देऊ नको.

आमचं गाव जैनथपासून दोन कोस, पैनगंगेच्या अल्याड. पल्याड महाराष्ट्र, अल्याड तवाचं आंध्र. घर मारोतीच्या पाराले लागून. समोरच पोळ्याचं मैदान, तिथं आंब्याच्या पानाचं तोरन बांधत. गोष्ट पंच्याऐंशीच्या नंतरची, पक्कं साल मले आठोत नाई. टेप तवा घरोघरी नव्हते.

त्याच्या दोन वर्साआधी माहा मालक तापानं गेला. झडीचे दिवस होते, नाल्याले पूर, आदिलाबादले न्याले रस्ताच नव्हता. तीन दिवस पूर उतरला नाई. उतरला तवा न्यायचं कोनी राह्यलं नव्हतं.

रडून पाह्यलं. कपाशीची पराटी काई थांबत नाई. तेराव्यानंतर मी सोता डवरा, म्हंजे तन काढाचं बैलाचं कोळपं, धरला; त्याच्या मुठीले रुमनं म्हनते. मांगं बांधावर माही रुक्मी, सात वर्साची. बाया तोंडाले पदर लावून हासत. मानसं म्हनत, बाईनं डवरा धरला म्हंजे पाऊस रुसते. पाऊस काई रुसला नाई, मानसंच रुसले.

डवऱ्यामांगं चालता चालता मी झडत्या जोडू लागली. ज्याइले ठाऊक नाई त्याइले सांगतो — पोळ्याच्या दिवशी तोरनाखाली मानसं उभे राहून ठेक्यात बोलते, गानं नव्हे, बोलनंच, टोमने मारत, धडाधड. त्याले झडती म्हनते. शेवटी सारं गाव ‘हर हर महादेव’ म्हनते. अन् रीत अशी, का तोरनाखाली पडलेल्या झडतीले झडतीनंच जवाब द्या लागते. ज्याले देता आला नाई त्यानं मान खाली घालाची. बाया झडती म्हनत नाई. मी बी मोठ्यानं कधी म्हनली नाई. माह्या झडत्या आयकल्या त्या फक्त लाख्या अन् मोऱ्यानं... माह्या बैलजोडीनं.

एक झडती मले लय आवडे. ती म्हनता म्हनता तासाचा, म्हंजे वळीचा, शेवट आला का मधीच तोडून बैलाइले वळवाची हाक द्या लागे — “वळ वळ... वळ गा बापू!” हरेक गड्याची हाक येगळी रायते. बापू म्हननारी मी एकटीच. मंग बैल वळले का पुढची ओळ. अशी तुटकीच ती झडती माह्या तोंडात बसली.

आता माह्या दिराचं सांगतो. किसन त्याचं नाव. मालक गेल्यावर पयल्या पोळ्याले मीच त्याच्या हाती कासरा देल्ला. रांडमुंड बाईनं तोरनाखाली जाऊ नाई म्हनत, अन् सनाच्या दिवशी जोडी गोठ्यात बांधून ठेवाची माही हिंमत झाली नाई. दुसऱ्या साली बी देल्ला. तिसऱ्या साली, पोळ्याच्या आदल्या, खांदशेकनीच्या दिवशी, मी बैलाच्या खांद्याले लोनी-हळद लावून राह्यली होती, तवा किसन गोठ्याच्या दारात येऊन उभा राह्यला.

“वैनी, उद्या पोळा फुटून जोड्या सुटल्या का ही जोडी माह्याच गोठ्यात नेतो. तुले कायले तरास.”

“काऊन?”

“तिसरा पोळा हाय ना.”

तवा माह्या ध्यानात आलं. गावची रीत होती... तीन पोळे ज्याच्या हातानं जोडी तोरनाखालून गेली, जोडी त्याची. कागद नाई, पंच नाई. तोरन हाच कागद. आधीचे दोन पोळे मीच माह्या हातानं त्याले लिहून देल्ले होते!

“अन् माहं वावर कोन वाहीन?”

“मीच वाहीन ना. तू अन् रुक्मी निंदाले या.” असं म्हनून हासला. माह्याच वावरात मजूर!

मी मोऱ्याच्या खांद्यावर लोनी चोळत राह्यली. लय चोळलं त्या दिवशी.

पोळ्याच्या सकाळी माईकवाले आले. दरसाली करंटची वायर माह्याच घरातून जाये, म्हनून मशीन माह्या ओसरीत मांडत अन् भोंगे तोरनाच्या खांबाले बांधत. एक आमच्या गावचा सूर्यभान, एक आदिलाबादचा रशीदभाई. त्या साली दोन आळीनं दोन माईक सांगतले होते. दोघाची कायम खटखट... पन एकमेकाबिगर चाहा पीत नसत.

दोघापाशी एकच नवी टेप होती — झामदादाची. पैनगंगेपल्याडचा हा झामदादा, झडत्याचा राजा! दर पोळ्याले त्याची नवी टेप निंघे अन् पयल्या मोटरीनं गावोगाव जाये. मांगं नुस्ती डफडी, अन् ह्याची जीभ. पोट्टेसोट्टे त्याच्यासारखे केस ठेवत.

दोघं मशीनीसमोर मांडी घालून बसले, जसे पोथी आयकाले बसले. मी चुलीवर पुरन घोटून राह्यली होती. टेप लागली.

“आयकलं का बे रशीद! हा श्वास कुठी घेते?” सूर्यभान म्हने.

“सांस लेताच नईं मियाँ. इसकू दो फेफड़े जास्ती हैं.”

“पन डफडी थंडी ठेवली यंदा. मांगच्या साली कशी कडकडे!”

“नक्को रे! डफडी थंडी है, इसीच लिए बात गरम लग्री. तू भोंगे बांध, तेरेकू गाने का क्या मालूम.”

“तू लय उस्ताद! अंबाडीच्या भाजीवर माहं लगन अन् तुहं बिर्यानीवर झालं म्हनून काय कान येगळे हाय का?”

असे भांडत त्याइनं दोन्ही साईडी पुऱ्या आयकल्या. मधीच डोळे मिटत, मधीच मांडीवर थाप. एका झडतीले तर रशीदभाई उठून उभाच राह्यला अन् टेप मांगं घेऊन तीन खेप आयकली. शेवटी बोटं मोजून म्हने, “ग्यारा. ग्याराच्या ग्यारा कडक!”

मी बी आयकल्या होत्या. पुरन घोटताना हात मोकळा नसते, कान मोकळाच रायते. अकरा. पाटलाच्या मिशीवर एक, मोटरीच्या कंडक्टरवर एक, नव्या सुनेवर एक... अशा.

दुपार कलली तशी गावच्या जोड्या तोरनाखाली लागल्या. झुली, बाशिंगं, शिंगाले बेगड. किसन नवं धोतर, गुलाबी फेटा घालून आला. माह्या हातची झूल, माह्या हातच्या घुंगरमाळा... कासरा त्याच्या हातात. मी ओसरीच्या खांबाले टेकून उभी, रुक्मी माह्या लुगड्याले धरून.

“माय, लाख्या आता काकाच्या घरी झोपीन?” तिनं इचारलं.

मी म्हनलं, “चूप बस.”

सूर्यभाननं टेप चालू केली. पयली झडती झाली, गावानं ‘हर हर महादेव’ केलं. दुसरी झाली. तिसरी कंडक्टरची. सारे हासले. मंग डफडी वाजली... अन् झामदादाच्या आवाजात भोंग्यातून आलं —

“रुमनं रे रुमनं, बाभळीचं रुमनं,
बाईच्या हातात अन् गावाले दुखनं!”

माही होती ती. माही, डवऱ्यामांगची! रुक्मीलेबी कधी आयकू देल्ली नव्हती.

“तिनं धरला डवरा, तिनं काढले तास,
लाख्या-मोऱ्या वळखते तिच्या हातचा घास —”

लाख्या-मोऱ्या म्हंजे कोनाचे, हे साऱ्याइले ठाऊक. अन् त्याच जागी, जिथं मी तोडो तिथंच, झामदादानं झडती तोडली. डफडी थांबली. अन् भोंग्यातून हाक आली —

“वळ वळ... वळ गा बापू!”

रांगेत चाळीस-पन्नास जोड्या होत्या. एकाही बैलानं कान हालवला नाई. माही जोडी तेवढी वळली! तास संपल्यावर वळे तशीच, सावकाश, मोऱ्या आतून अन् लाख्या बाहेरून. किसननं कासरा वढला. तीन हंगाम डवऱ्याले जुंपलेले बैल ते, त्याचं काय आयकते! किसन फरफटत आला, फेटा गेला चिखलात, धोतर गेलं काट्यात. जोडी सरळ ओसरीपाशी येऊन माह्यासमोर थांबली. मोऱ्यानं माह्या हाताले नाक लावलं.

अन् भोंगा पुढं बोल्ला —

“झूल घालाले सारे, चारा घालाले कोन?
ज्याचा हात बैल वळखे, मालक त्याले म्हन!”

टेपातली ‘हर बोला’ची हाक व्हाच्या आधीच बाया वरडल्या — हर हर महादेव! बाया! मंग मानसं. मंग सारं गाव. एवढा आवाज त्या मैदानात मी पुन्ना आयकला नाई.

तोरनाचा मान आमच्या गावात देवरावबाप्पाचा. नव्वदीचा म्हातारा, काठी टेकत आला. “किसन्या, तोरनाखाली झडती पडली. दे जवाब.”

किसन म्हने, “बाप्पा, टेपाले काय जवाब द्याचा?”

“टेपाले नको देऊ. बैलाइले दे.”

लोकं असे हासले का चार जोड्या बुजल्या. किसननं मान खाली घातली. जवाब नाई म्हंजे नाई... रीत ती रीत.

“सूनबाई,” देवरावबाप्पा म्हने, “उचल कासरा.”

मी पदर खोचला, कासरा उचलला, अन् सारं गाव पाहून राह्यलं असतानी माही जोडी तोरनाखालून नेली. मान वर होती. पल्याड गेल्यावर मांगं पाह्यलं तं रुक्मी तोरनाखाली एकटीच नाचून राह्यली होती.

आता पुढचं आयका, कारन खरी गोष्ट इथूनच हाय.

पोळा फुटल्यावर ओसरीत आली तं दोघं माईकवाले टेपावर वाकून बसलेले. सूर्यभानच्या कपाळाले घाम.

“काकू, ती झडती सापडून नाई राह्यली.”

त्यानं टेप मांगं घेतली. कंडक्टरची झडती, अन् तिच्यामांगून सरळ नव्या सुनेची. मधात काईच नाई. दुसरी साईड लावली, नाई. रशीदभाईनं आपली टेप काढली, तीबी पयल्यापासून शेवटपर्यंत लावली. पुन्ना बोटं मोजली.

“ग्यारा,” म्हने. मंग दोन्ही हात कानाले लावले. “अम्मा, बीस साल से माईक बजारूँ. तार में करंट आता, आवाज आता. ये किधर से आया?”

“मले काय इचारतं भाऊ,” मी म्हनलं. “मशीन तुमची.”

“काकू, तुमी तं काई...?” सूर्यभाननं इचारलं, अन् भेत भेत माह्याकडं पाह्यलं.

“मी पुरनपोळ्या केल्या,” मी म्हनलं. “खा अन् जा.”

दोघाइनं खाल्ल्या. पन त्या दिवसापासून सूर्यभान माह्या ओसरीत चपला काढून येऊ लागला.

पुढं चार-पाच सालानं झामदादा सोता जैनथच्या बजारात झडत्या म्हनाले आला. मी गेली. कार्यक्रम झाल्यावर त्याच्यासमोर उभी राह्यली अन् साऱ्या जलमात पयल्या खेपी ती झडती एका मानसाले मोठ्यानं म्हनून दाखोली. वळवाची हाकबी देल्ली. मोठा मानूस, पन उपरनं गळ्यातून काढून आयकलं.

“माय,” म्हने, “रुमन्यावर मी कधी झडती केलीच नाई. अन् डवरा तं जलमात धरला नाई, मी शिंप्याचा.” मंग उपरनं पुन्ना गळ्यात टाकलं. “पन मधीच तोडाची ही रीत... ही मले सुचाले पायजे होती.”

म्हने, पुढच्या टेपात घेऊ का? मी म्हनलं, नको, एक खेप झाली तेवढी पुरे.

लाख्या-मोऱ्या माह्याच गोठ्यात म्हातारे झाले, माह्याच वावरात गेले. त्याच जोडीच्या भरवशावर वावर राह्यलं अन् रुक्मीचं लगन झालं. किसन पुढं दोन-तीन पोळे रांगेत शेवटी उभा राहे. मंग मीच त्याले म्हनलं, ये पुढं, सनाचं तोंड लपवू नाई. आला.

नात म्हनते, आजी, दुसऱ्या कोन्या टेपाची पट्टी त्याच्यात जोडल्या गेली असन. असन बाप्पा. पन ती पट्टी कोनी भरली? माह्या बैलाचे नावं कोनी सांगतले? बापू कोनी सांगतलं? डवऱ्यापाशी माह्याशिवाय दोन बैलच होते, अन् ते काई जैनथले जाऊन कोनाले सांगनारे नव्हते. भूत म्हना, देव म्हना, मी काईच म्हनत नाई. मले ठाऊक नाई, एवढंच ठाऊक हाय.

रशीदभाई होता तवरिक दर पोळ्याले ती जुनी टेप घेऊन ये अन् पयले तीच लावे. बोटं मोजे. अकराच्या वर कधी गेली नाई. मंग मशीन बंद करून माईक माह्या हाती दे.

“बारावी तुम बोलो, अम्मा.”

अन् मी म्हनो.