उंदीर घुमतो तेव्हा

माझ्या पीएचडीचा विषय चारचौघांत सांगायची सोय नव्हती. "भ्रम घडवणाऱ्या रसायनांच्या घराण्यातला एक कृत्रिम रेणू आहे, त्याच्यावर फारसं काम झालेलं नाही," असं मी कल्याणच्या आत्याला कौतुकानं सांगायला गेले, तर ती म्हणाली, "म्हणजे गर्दच ना गं?" तेव्हापासून मी नुसतं 'औषधांवर संशोधन' म्हणायला लागले.

रेणू तसा साधाच. ओळखीच्या एका पदार्थाची रचना, फक्त टोकाला एक कार्बन जास्त. तेवढ्या फरकानंतरही तो मेंदूतल्या सेरोटोनिनच्या कुलपात बसतो का, हा माझा प्रश्न. आता उंदराला कसं विचारणार, की बाबा रे, तुला रंग दिसतायत का? पण ते कुलूप उघडलं की उंदीर डोकं झटकतो, झर्रकन डावी-उजवीकडे. व्हिडिओ बघायचे आणि झटके मोजायचे. झालं शास्त्र.

मोजणाऱ्याला मात्र कुठल्या उंदराला रेणू दिलाय आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, हे माहीत नसावं लागतं. व्हिडिओंवर नुसते नंबर असायचे, पण तीन वर्षांनी मी उंदीर चेहऱ्यावरून ओळखायला लागलेले! माझी मोजणी झकास आलेली. रेणू जोरदार आहे, असं माझ्या गाइड सरांनी एका परिषदेत सांगूनही टाकलेलं. थिसिस दिला की ठाण्यातल्या एका कंपनीत माझी नोकरी पक्की. फक्त दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्र मोजणी करायला हवी होती, आणि लॅबमध्ये कुणालाच वेळ नव्हता. मग मी व्हिडिओ आंबिवलीला घरी आणले आणि आईला बसवलं.

"असं डोकं झटकलं की एक रेघ ओढायची," मी दाखवलं.

"अगं, हा तर घुमतोय!" आई म्हणाली. आमच्या कोकणातल्या गावी पालखीच्या दिवशी बायकांच्या अंगात येतं, त्या घुमतात. खरं वारं कुठलं आणि ढोंग कुठलं, हे ओळखण्यात आईचा हात कुणी धरणार नाही. एकदा भर देवळात तिनं चुलत जावेला सांगितलेलं, "पुरे झालं, चल, भाकऱ्या थापायच्यात." आणि जाऊबाई मुकाट उठल्या.

संध्याकाळी तिनं वही हातात दिली. माझ्या पानभर रेघा होत्या तिथे तिच्या चार.

"आई, नीट बघितलंस ना?"

"डोळे फुटलेत का माझे? हा बघ, मागचा पाय वर आला. ह्याला खाज सुटलीय मेल्याला. मानेला काय टोचता तुम्ही?"

मी हसले आणि दुसऱ्याच क्षणी व्हिडिओ मागे घेऊन तो पाय पुन्हा बघितला. आम्ही मानेमागेच टोचत होतो. रेणू साध्या पाण्यात विरघळेना, म्हणून त्यात थोडं आम्ल घालत होतो. तुलनेच्या उंदरांना मात्र बिनआम्लाचं पाणी. इतकी ढोबळ चूक, आणि तीन वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही! पुढच्या आठवड्यात मी काही उंदरांना रेणूशिवाय नुसतं आम्लाचं पाणी टोचून बघितलं. पठ्ठे तस्सेच डोकं झटकत होते.

दोन दिवस मी वही पिशवीतून बाहेरच काढली नाही. आईची वही कोण मागतंय, असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर ती वही ठेवली आणि आम्लाच्या पाण्याचंही सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला. "ही मोजणी कुणाची?"

"आईची."

"काय शिकल्यात?"

"दहावी."

सरांनी वहीतली पानं शेवटपर्यंत उलटली. मग म्हणाले, "सगळं परत करा."

म्हणजे अजून एक वर्ष. कंपनी तेवढं थांबणार नव्हती. घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, नोकरीचंही. तिचे हात थांबले.

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे वाचले गं मी," मी म्हटलं आणि मलाच रडू फुटलं.

तिला ते काही पटलं नाही. पदरानं माझे डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "आधी सांगायचंस ना. चार रेघा जास्त ओढल्या असत्या मी."