बादलीवाली

टँकरचा हॉर्न वाजला की माझे पाय आपोआप पळतात, त्याला मी काय करू? आमच्या गावच्या टेकडीवर चढलं की सिद्धेश्वर धरणाचं पाणी दिसतं, नुसतं दिसतं. धरण उशाला आणि कोरड घशाला. होळी झाली की टँकर सुरू, आणि टँकर आला की हातातलं तिथंच टाकून बादल्या उचलायच्या, हे मला अक्षरं गिरवायच्या आधीपासून ठाऊक.

नांदेडला नर्सिंग केलं, काही वर्षं आखातात काढली आणि तिथून निघाले ती थेट कॅनडाच्या वरच्या टोकाला जाऊन पडले. दोन खोल्यांचा दवाखाना, समुद्राकाठी थोडी घरं, झाड औषधालासुद्धा नाही. रस्ताही नाही, विमान आलं तर आलं. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर हॉर्न वाजला. खिडकीतून बघते तर काय, टँकर! दोन बादल्या आणि एक पातेलं घेऊन मी धावले. पायांत घरातल्या चपला, अंगात स्वेटर. थंडी अशी की घेतलेला श्वास नाकातच गोठला. टँकरवाला पाइप हातात धरून माझ्याकडं बघतच राहिला. तिथं पाइप भिंतीला जोडून घरातल्या टाकीत पाणी सोडतात, माणसानं दारातसुद्धा यायचं नसतं. मला कोण सांगणार, कपाळ!

समोरच्या घरातून एक म्हातारी तरातरा आली. बुटकी, रुंद, तोंडभर सुरकुत्या. माझा दंड धरून तिनं मला आत ओढलं आणि तिच्या भाषेत शिव्या घातल्या. भाषा कळली नाही, शिव्या बराबर कळल्या. आमची आईही त्याच चालीवर देते. मग खाली बसून तिनं माझी गार पडलेली पावलं आपल्या झग्याखाली घेतली आणि उघड्या पोटाला लावून धरली. आपल्याकडं चुकून कुणाला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, आणि इथं परक्या म्हातारीच्या पोटावर माझे पाय! मी लाजेनं मेले. ओढून घ्यायला गेले तर तिनं घोट्यावर चापट मारली.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत माझं नाव पडलं, बादलीवाली. म्हातारीची सून दवाखान्यात दुभाषी होती, तिनंच हसत हसत अर्थ सांगितला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण म्हातारीनं रागवायला वेळच दिला नाही. सीलच्या कातड्याचे हातमोजे शिवून दिले. वारा कुठल्या बाजूनं आला की घराबाहेर पडायचं नाही, ते बोटानं दाखवलं. मासा आणून ओट्यावर आपटायची आणि मी शिजवेपर्यंत बसून राहायची. माझी तिखट आमटी पिऊन तिच्या डोळ्यांना धारा लागायच्या, तरी वाटी पुढं करायची. मी तिला माय म्हणू लागले. फोनवर आईला सांगितलं तर ती फणकारली, "तिला माय म्हणतीस? मंग मी कोण व्हय?"

टाकी घरात असली तरी माझी खोड जाईना. टँकर येऊन गेला की मी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायची. सून म्हणायची, इथं कुणी असं करत नाही. मग हिवाळ्यात एक वादळ आलं ते पाच दिवस हललं नाही. टँकर बंद, टाक्या कोरड्या. शेजारच्या घरात ओली बाळंतीण. तिसऱ्या दिवशी म्हातारी माझ्याकडं आली आणि स्वयंपाकघरात रांगेनं भरून ठेवलेली पातेली, डबे, बादल्या बघून हसत सुटली. हसता हसता खाली बसली. मग उठून दोन बादल्या स्वतः उचलून बाळंतिणीकडं गेली. जाताना काहीतरी म्हणाली. सुनेनं नंतर सांगितलं, "तुझ्या आईनं तुला नीट वाढवलंय म्हणाली." मी आईला फोन केला आणि रडायलाच लागले. आई आपली विचारत राहिली, "काहून रडून राहिली? पाणी न्हाई का तिकडं?"

वसंतात म्हातारी मला तळ्यावर घेऊन गेली. लोखंडी पहारीनं बर्फ फोडायचा, ढलप्या घसरगाडीवर घालून आणायच्या. टँकरचं पाणी तिच्या लेखी मेलेलं पाणी, भांडी घासायला ठीक. चहा मात्र तळ्याच्या बर्फाचाच. मी त्यात सुंठ घालायची आणि फोनवर आईला त्या चहाचं कौतुक सांगायची. तसा चहा मी जन्मात पुन्हा प्यायले नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात आई औंढ्याला दर्शनाला गेली आणि पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला माझ्याशिवाय कुणी नाही. मी सामान बांधलं. म्हातारीनं फ्रीजरमधून एक मोठी ढलपी काढली, तिचं अर्धं फोडून माझ्या पातेल्यात टाकलं, अर्धं परत आत ठेवलं. सुनेकरवी मी सांगितलं, तळं गोठायच्या आत येते. म्हातारीनं मान हलवली, झालं.

वितळलेलं पाणी मी बाटलीत भरून आणलं. आईनं चमचाभर चाखलं, "गोड हाय गं," म्हणाली आणि बाटली देव्हाऱ्यात गंगेच्या लोटीशेजारी ठेवायला लावली. आता तिच्यापुढं कोण बोलणार!

तळं दोनदा गोठलं. आई भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाते, तेवढंच. मी गावात सलाइन लावते, इंजेक्शनं देते, बायका बोलावतात. पण चैत्रातल्या दुपारी पत्रे तापले की मला त्या पांढऱ्या तळ्याची फार आठवण येते. टेकडीवर जाऊन धरणाकडं बघत बसते. ते तळं नव्हे. फोनवर म्हातारी सुनेकरवी एकच विचारायची, निघाली का? मी म्हणायची, निघते.

परवा सकाळी सुनेचा फोन आला. म्हातारी गेली. आई खाटेवर बसली होती. मी सांगितल्यावर पदर डोळ्यांना लावून तिनं पहिलं हेच विचारलं, "तोंडात पाणी कोणी घातलं तिच्या? विचार."

मी विचारलं.  सून म्हणाली, चहा मागितला होता तिनं. तळ्यावर जायला कुणाला जमलं नव्हतं, फ्रीजरमध्ये तुझीच अर्धी ढलपी होती. मी फोडायला काढली तर हातातून घेऊन परत ठेवायला लावली. ती बादलीवालीची आहे म्हणाली. शेवटी टँकरच्याच पाण्याचा चहा दिला.

"आता त्या ढलपीचं काय करू?" सुनेनं विचारलं.

"राहू दे," मी म्हणाले. "फोडू नका. मी येते."

फोन ठेवला. हे सगळं इंग्रजीतून झालं. आईला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"खोटं बोललीस नं तिला?"

"व्हय."

 आईनं देव्हाऱ्याकडं हात केला.

"काढ ती बाटली. चहा ठेव तिचा. सुंठ घाल."