चित्रांच्या रांगेतलं दुकान

ऑल्डरशॉच्या नगरपालिकेनं वीव्हर स्ट्रीटवरच्या बंद दुकानांच्या काचांना चित्रं चिकटवली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद नोरीन हॅसलमला झाला. त्या रांगेत चालू दुकान तिचं एकटीचं. डावीकडचं खाटकाचं दुकान बंद पडून किती वर्षं झाली, ते खाटकाच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. उजवीकडचं चपलांचं दुकान त्यानंतर गेलं. समोरच्या बँकेत कबुतरांनी संसार थाटला होता.

चित्रं उत्तम होती. खाटकाच्या काचेत आता पाव-केकचं दुकान आलं. त्यात पांढऱ्या टोपीतला बेकर हातात परात धरून हसत होता. चपलांच्या जागी फुलवाली, आणि बँकेत पुस्तकांचं दुकान, आत आरामखुर्चीत वाचत बसलेला एक म्हातारा. माणसं खऱ्या उंचीची. मागं दुकान चांगलं खोलवर गेल्याचा भास व्हायचा. बेकरच्या नाकावर पिठाचा ठिपकाही होता.

"नशीब काढलंस," ऑलिव्ह शटलवर्थ म्हणाली. ऑलिव्ह तिची शाळेपासूनची मैत्रीण आणि दुकानाचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. "भांडत नाहीत, उसनं मागत नाहीत. असा शेजार मला का नाही मिळत?"

"तुझ्या शेजाऱ्यांनाही असंच वाटत असेल," नोरीन म्हणाली.

नोरीनचं दुकान लोकरीचं. लोकर, सुया, बटणं, चेन, इलॅस्टिक. सोळाव्या वर्षी ती गिरणीत मागावर लागली होती. मागांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं कधीच ऐकू यायचं नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले, सगळं ओठांवरून कळायचं. गिरणी बंद झाली, पण ती विद्या नोरीनच्या डोळ्यांत राहिली. पुढं मिस पिकप नावाच्या म्हाताऱ्या बाईनं तिला आपल्या दुकानात ठेवून घेतलं आणि जाताना दुकान तिच्याच हवाली केलं. नोरीनचा नवरा क्लिफर्ड बस चालवायचा. तो गेल्यावर घरात बसवेना, म्हणून ती रविवारीसुद्धा दुकानात येऊन लोकर गुंडाळत बसायची.

मिस पिकपनं तिला दोन गोष्टी शिकवल्या. एक, एका स्वेटरची सगळी लोकर रंगाच्या एकाच घाण्यातली, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली पाहिजे. दोन घाण्यांतली निळी दुकानात सारखीच दिसते, पण अंगात घालून उन्हात गेलं की छातीवर आडवा पट्टा उमटतो. म्हणून गिऱ्हाइकाची सगळी लोकर एका पिशवीत घालायची, वर नाव लावून फळीवर ठेवायची आणि विणकाम पुढं सरकेल तसा एकेक गुंडा द्यायचा. दुसरी गोष्ट, गिऱ्हाइकाला ओशाळं करायचं नाही. चूक त्याची असली तरी मान आपण खाली घालायची. हे शिकवायची खरं तर गरज नव्हती. ऑल्डरशॉत पायावर पाय पडला, तर ज्याचा चेंगरला तोच आधी माफी मागायचा.

चित्रं लागल्यावर उन्हाळा सरला, आणि नोरीनच्या लक्षात आलं की फळीवरच्या पिशव्या हलत नाहीत. सप्टेंबर म्हणजे विणकामाचा हंगाम. नाताळचे स्वेटर याच दिवसांत सुयांवर चढतात. पण दारावरची घंटा वाजेना. आधी तिनं हवेला दोष दिला, मग इंटरनेटला.

एका सकाळी ती काउंटरमागं स्टुलावर बसून राखाडी लोकर गुंडाळत होती. दोन बायका काचेपाशी थांबल्या. एकीनं काचेवर नखानं टिचकी मारली आणि नोरीनच्या थेट तोंडाकडं बघितलं. नोरीन हसणार, तेवढ्यात तिला त्या बाईचे ओठ दिसले.

"हे बघ, हे तर सगळ्यांत भारी जमलंय. धूळसुद्धा काढलीय फळीवर."

"चेहरा जरा मेणासारखा झालाय," दुसरीचे ओठ म्हणाले.

नोरीनचा हात जागच्या जागी थांबला. आता आपण हललो तर या बाईला किती मेल्याहून मेल्यासारखं होईल, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. त्या जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली. श्वाससुद्धा तिनं बेतानं घेतला.

दुसऱ्या वेळी ते सोपं गेलं. तिसऱ्या वेळी तर काचेपाशी सावली पडली की हात आपोआप थांबायला लागला. पुढं पुढं सावली हलून गेली तरी आपण तसेच बसलोय, हे तिला बऱ्याच वेळानं कळायचं. मांडीवरचा चहा गार झालेला असायचा.

नगरपालिकेत गावाचं रूप पालटायचं काम कॅलम ब्रिअर्लीकडं होतं. चित्रांची कल्पना त्याचीच. तिशी ओलांडलेला, सज्जन, सदा दमलेला माणूस. तो स्वतः दुकानात आला आणि त्यानं काउंटरवर नकाशा पसरला.

"मिसेस हॅसलम, रागावू नका. लंडनहून समिती येणार आहे. त्यांनी निधी दिला तर ही रांग पाडून इथं चौक होईल. झाडं, बाकडी, शनिवारचा बाजार. जी दुकानं चालू आहेत ती तेवढी राखायची असं ठरलंय."

"मग मी राहीनच की, बाळा."

कॅलमनं नकाशावर बोट ठेवलं. चालू दुकानं हिरवी, बंद ती पांढरी. नोरीनचं दुकान पांढरं होतं.

"पाहणी करणाऱ्यांनी रस्त्यावरून बघून नोंद केली," तो म्हणाला. "त्यांना वाटलं... म्हणजे तुम्ही आत होतात. त्यांनी तसं लिहिलंयसुद्धा. 'चित्रातील स्त्री अतिशय जिवंत.'"

"आणि तू खोडलं नाहीस?"

"माझ्या सहीनं नाही बदलत ते. समितीनं डोळ्यांनी बघितलं तरच. गुरुवारी येतायत. तुम्ही फक्त दुकानात असा. मी त्यांना आत आणतो."

नोरीननं दारासमोर पाटी ठेवली. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दुकान खरं आहे. आत या.' लोक थांबले, पाटी वाचून हसले, पाटीशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढले आणि निघून गेले. आत कुणी आलं नाही. दार ढकलून बघावं असंही कुणाला वाटलं नाही. चित्राचं दार कोण ढकलतं?

बुधवारी तिनं ऑलिव्हची पिशवी फळीवरून काढली. निळी लोकर, ऑलिव्हच्या अर्ध्या विणलेल्या जाकिटाची. ती घेऊन नोरीन तिच्या घरी गेली. ऑलिव्हनं दार उघडलं, किंचाळली आणि चौकटीला धरून खाली बसली.

"अगं, मी आहे! नोरीन!"

"ते दिसतंय," ऑलिव्ह म्हणाली. "तू तर गेलीस ना?"

"कुठं गेले?"

"मेलीस! मी आले होते गं दुकानात, लोकर न्यायला. काचेतून बघितलं तर तू बसलेली. डोळे उघडे, हातात लोकर. मी हात केला, तू ढिम्म. मी म्हटलं, अरे देवा, आमची नोरीन गेली आणि नगरपालिकेनं तिचं चित्र लावलं. छान केलंय म्हटलं, आठवण राहील. तिथंच उभी राहून रडले मी."

नोरीनला तो दिवस आठवेना. ऑलिव्ह काचेपाशी येऊन रडून गेली आणि आपल्याला पत्ता नाही. तिनं खूप आठवून बघितलं. आठवली ती फक्त राखाडी लोकर.

"आणि कुणाकुणाला सांगितलंस?"

ऑलिव्हनं पदार्थ करपल्यासारखं तोंड केलं. "चॅपलमध्ये प्रार्थना झाली तुझ्यासाठी. चांगली झाली. हॅम सँडविच होती."

"मला नाही बोलावलंत," नोरीन म्हणाली. दोघी हसल्या, पण ऑलिव्हनं चहाचा कप देताना तिचा हात चाचपून बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. "किती गार आहेस गं तू," ती म्हणाली.

गुरुवारी पाऊस नव्हता. नोरीननं निळा झगा घातला, ओठांना रंग लावला आणि दाराला टोपली लावून ते उघडं ठेवलं. मग ती काउंटरमागं बसली. थोड्या वेळानं नगरपालिकेचा झाडूवाला आला. समिती यायच्या आधी रस्ता चकाचक करायचा होता. त्यानं उघडं दार बघितलं, पायानं टोपली आत सरकवली आणि आपल्याच घरचं असावं तसं दार हळूच ओढून घेतलं. नोरीनकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

उठावं, असं तिनं ठरवलं. ठरवलं, पण उठणं झालं नाही. लोकरीची लड डाव्या हातावर होती, ती आधी उतरवायला हवी होती. तेवढ्यात काचेवर सावल्या पडल्या.

समितीच्या अध्यक्ष फिलिपा ग्रेनफेल सगळ्यांत पुढं होत्या. उंच बाई, उंटाच्या रंगाचा कोट. त्यांनी काचेला नाक लावलं. त्यांच्या श्वासानं काचेवर धुकं आलं.

"हे सगळ्यांत सरस," त्यांचे ओठ म्हणाले. "बेकरपेक्षा कितीतरी सरस. ही बाई माझ्याकडं बघतेय असं वाटतं. अंगावर काटा आला."

नोरीननं सवयीनं नजर खाली घातली. ग्रेनफेलबाई दचकल्या, मग हसल्या आणि मागच्या लोकांकडं वळल्या. नोरीननं कॅलमकडं बघितलं. कॅलमही तिच्याकडंच बघत होता. त्याचं तोंड उघडलं होतं. एवढंच म्हणायचं होतं त्याला, की बाई, ही खरी आहे. पण समितीच्या अध्यक्षांना सगळ्यांसमोर तोंडघशी कसं पाडायचं? त्याचे ओठ दोनदा मिटले. तिसऱ्यांदा उघडले तेव्हा ते म्हणाले, "आभारी आहे. आम्ही मेहनत घेतली."

सगळे पुढं फुलवालीकडं गेले.

नोरीन बसून होती. उठायची आतून ओढच नव्हती. इतकं स्वस्थ तिला कधी वाटलं नव्हतं, क्लिफर्ड असतानाही नाही. बसून राहिलं तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. कुणी ओशाळणार नव्हतं. रांग पडेल तेव्हा पडेल. मग तिला आपल्या हाताचा रंग दिसला. हात, त्यावरची लोकर, मागची भिंत, सगळं एकाच घाण्यातून काढल्यासारखं राखाडी.

ती उठली. गुडघे कडकडले. लोकर हातावर तशीच घेऊन तिनं दार ओढलं, घंटा वाजली, आणि ती फुटपाथवरून त्या उंटाच्या रंगाच्या कोटामागं धावली. हाक मारली नाही. हाक येईल की नाही याची खात्री नव्हती. तिनं सरळ बाईंची बाही धरली.

फिलिपा ग्रेनफेल यांनी वळून बघितलं आणि त्यांनी फोडलेली किंकाळी पार कालव्यापर्यंत गेली.

त्यांना धरून दुकानात आणावं लागलं. नोरीननं त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं, दार लोटलं, चहा केला, साखर जास्त घातली. बाकीचे लोक बाहेर फुलवालीपाशी घोटाळत राहिले. कॅलम फळीला टेकून उभा होता, कान लाल झालेले.

"तुम्ही हात का नाही हलवलात?" ग्रेनफेलबाईंनी विचारलं.

"तुम्हालाच वाईट वाटलं असतं, बाई."

ग्रेनफेलबाईंनी कप खाली ठेवला. मग कॅलमला म्हणाल्या, "हे दुकान चालू आहे. नकाशात बदला. आत्ता, माझ्यासमोर." कॅलमनं खिशातून हिरवा पेन काढला आणि काउंटरवर नकाशा पसरून तो चौकोन कडेपर्यंत भरला. नोरीननं काउंटरला हात टेकला. दुकान राहिलं होतं.

तिनं दुसरा कप ओतला. तेवढ्यात काचेपाशी एक जोडपं थांबलं. बाईच्या हातात बाजाराची पिशवी, पुरुषाच्या हातात छत्री. ग्रेनफेलबाई कुणाशीही नीट वागणाऱ्या. त्यांनी हसून मान हलवली. मग कप जरा वर केला. मग हात केला. काचेपलीकडचे दोघं मान तिरकी करून बघत राहिले, जसं चित्राकडं बघतात. पुरुष नुसता डोकं हलवत होता. त्या बाईचे ओठ हलले, आणि नोरीन ते वाचतेय हे ग्रेनफेलबाईंच्या लक्षात आलं.

"मी हात केला," ग्रेनफेलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "काय म्हणाल्या त्या?"

नोरीननं मान खाली घातली. मिस पिकपनं शिकवलं होतं तशी. मग तिनं ती वर केली आणि सांगितलं.

"म्हणाली, 'आधी एकच होती. आता दोन बसवल्यात.'"