अयपेरीच्या पायातली दोरी

अक्मारल अकरा वर्षांची, आणि धाकट्या भावाशी, तिलेकशी, भांडल्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे. चहाची पहिली वाटी कुणाची यावरून, आणि काहीच नसलं तर "माझ्याकडे का बघतोस" यावरून! पण गेले चार दिवस तिलेक भांडतच नव्हता. पोट दुखतंय म्हणून गोधडीत तोंड खुपसून पडायचा. आई बिचारी काढे देत होती. अक्मारलला ठाऊक होतं, दुखणं पोटाचं नव्हे, झानिशचं आहे. सातवीतला हा झानिश रोज शाळेच्या फाटकापाशी तिलेकची टोपी हिसकावून पाटात फेकायचा, वर म्हणायचा, "मेंढरा, बें कर!"

रविवारचं बोलावणं आलं ते नेमकं झानिशच्याच घरून. त्याची वर्षाची बहीण अयपेरी पाऊल टाकू लागली होती. तिच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, गावातल्या पोरांनी पळत यायचं, पहिला येईल त्यानं ती कापायची. कापणाऱ्याची चाल लेकराला लागते, असं सारं गाव मानतं.

"मी नाही पळणार," तिलेक म्हणाला.

"नको पळूस. तसाही माझ्या मागेच असतोस."

"मागे? तू बदकासारखी पळतेस!"

चार दिवसांनी तो भांडला होता. अक्मारलला बरं वाटलं, पण ते दाखवेल तर ती अक्मारल कसली. "मग ये की पुढे, मेंगळटा."

ओढ्यापासून बारा पोरं सुटली. शेवटी जरासं हळू व्हायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण ती हळू व्हायच्या आतच तिलेक तिला मागे टाकून पहिला पोचला!

झानिशच्या आईनं सुरी तिलेकच्या हातात दिली. अयपेरीला दोन्ही काखांत धरून उभी करणारा झानिश उसळला, "आई, ह्याला नको! हा शाळेत यायलाही घाबरतो. आपली अयपेरी अशी भित्री चालायची का?"

"का रे, शाळेला का घाबरतोस?" झानिशच्या आईनं विचारलं.

अक्मारलला राहवेना. "तुमच्या झानिशलाच विचारा, काकू."

काकूंनी लेकाकडे नुसतं पाहिलं. झानिशचे कान लाल झाले. "पहिला आला तोच कापणार," त्या लेकाला म्हणाल्या. "ह्याला भित्रं तूच केलंस; आता ही कशी चालेल, ते तुझं तू बघ."

तिलेकनं सुरी दोरीखाली घातली.

"सावकाश. तिच्या पायाला लागेल," झानिश पुटपुटला.

"मग हलवू नकोस ना तिला!" तिलेक खेकसला, आणि झानिश खरंच थांबला.

दोरी तुटली. अयपेरी दोन पावलं चालली आणि बुडावर आपटली. सगळे हसले. झानिश मात्र तिलेकच्या कानाशी वाकला. "उद्या शाळेत ये."

"टोपी फेकशील."

"नाही फेकणार. पण ताठ चालत ये. तू वाकून चाललास, तर हीसुद्धा तशीच चालेल."

सोमवारी तिलेक इतका ताठ निघाला, की मागून येणाऱ्या अक्मारलला हसू आवरेना. "अरे, काठी गिळलीस का?"

"गप गं!"

फाटकाशी झानिश उभा होता, काळजीनं त्याच्या पायांकडे बघत.