थोरलीचं आंबवण

आमची थोरली, म्हणजे माझी मोठी जाऊ, आंबवणाच्या पिंपात बोट बुडवून चाटायची. हे आंबवण माणसांसाठी नव्हे हो, तळ्यातल्या कोळंबीसाठी, आमच्या बोलीत सुंगटांसाठी! भाताचा कोंडा, गूळ, खडकावरचं शेवाळ आणि पाणी. चाटून झालं की डोळे बारीक करून सांगायची, "आज नको. उद्या खातली सुंगटां." आणि कोळंबी खरंच दुसऱ्या दिवशीच खायची. तेव्हापासून माझा थोरलीवर राग.

राग कसला, जळफळाटच. खाडीकाठी आम्हा दोघींची तळी शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. कोळंबी जेवते की नाही ते कळायला जाळीच्या ताटात खाद्य ठेवून दोरीने तळ्यात सोडतात आणि थोड्या वेळाने ओढून बघतात. तिचं ताट चाटूनपुसून वर यायचं. माझ्या ताटात खाद्य भिजून फुगलेलं. बांधावरून ती विचारणार, "जेवली गो तुझी पोरां?" मी म्हणणार, "जेवली तर! पोट फुटासर." आणि ताट पाठीमागे लपवणार.

विकतच्या गोणीतलं खाद्य ती अर्धंच घालायची, बाकी आंबवण. त्या गोणीत तारल्यांसारख्या मासळीची पूड असते, ते तिला खपायचं नाही. "दर्यातले तारले सुकवून सुंगटांक घालूचे, मग आमी काय खावचा?" असं येईल-जाईल त्याला ऐकवायची. आमचे हे तिच्या शब्दाशब्दाला मान डोलवायचे. माझ्या बोलण्यावर ती मान कधी हललेली मला आठवत नाही.

एका वर्षी माझी कोळंबी जेवेचना. हे म्हणाले, "असाच चलला तर तळा दुसऱ्याक चालवक देवया." त्या तळ्याचा चिखल मी माझ्या हाताने उपसलेला. पण थोरलीला विचारायचं? छे! बांधाआडून बघून बघून सगळं जमवलं, पिंप भरलं आणि लोणच्याच्या बरणीसारखं त्याचं तोंड घट्ट आवळून वर दगड ठेवला. दोन दिवसांनी भरदुपारी धडाम! झाकण माडाच्या मुळाशी, कोंडा भिंतीवर आणि माझ्या केसांत. थोरली धावत आली, बघितलं आणि पोट धरून खालीच बसली.

"लोणचा घातलंस की काय गो? जिती वस्तू ती, तिचा तोंड बांधून कसा चालात?"

मला रडूच फुटलं. सकाळी ती आपल्या आंबवणाची बादली घेऊन दारात उभी. "ह्या विरजण. तुझ्या कोंड्यात घाल. तोंडार नुसतो फडको बांध." आणि गेली. टोमणा नाही, काही नाही. चार दिवसांत माझं ताट रिकामं वर आलं. तळं माझ्याकडेच राहिलं. पण वाचलं तेही हिच्याच हातून, हे काही केल्या गिळवेना.

गेल्या वर्षी थोरली गेली. तेराव्याला खाडीपलीकडच्या तळेवाल्या बायका आल्या. एक डोळे पुसत म्हणाली, "माझी सुंगटां जेवनत नाय म्हटल्यार विरजणाची बादली घेवन ती होडयेन इली." दुसरी म्हणाली, माझ्याकडेही आली होती. तिसरीकडेही. "माका बहिणीसारकी होती," पहिलीने हुंदका दिला.

मी चहा देत होते. तिचा कप जरा आपटलाच. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते विरजण तिने माझ्या एकटीसाठी काढलं होतं. आणि बहिणीसारखी म्हणे! अगो, जाऊ मी होते तिची.